खडकांतली पाच वर्षांची मुलगी

तो रविवार अजून मनातून जात नाही. पोलिसात उभी हयात गेली. खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं विसरलोही. हा एक दिवस मात्र विसरणं सोडा, हल्ली तो पुन्हा जगायला मिळावा असं वाटतं.

तेव्हा मी हैदराबादच्या कडेला असलेल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. हद्दीत एकावर एक रचल्यासारखे मोठाले खडक, मधून सीताफळाची झुडपं आणि मोठ्या माणसाला वीस मिनिटांत चढून होईल अशी पायवाट. शहरातल्या चिक्कडपल्ली भागातल्या एक निवृत्त मराठी शिक्षिका आपल्या इमारतीतली सहा-सात लहान मुलं घेऊन अधूनमधून तिथे यायच्या. पक्षी दाखवायचे, पानं गोळा करायची, डबा खायचा आणि परत. त्या दिवशी डबा खाऊन निघताना त्यांनी पाहिलं तर पाच वर्षांची एक मुलगी नव्हती.

ठाण्यात फोन आला साडेदहाला. जनरल डायरीत नोंद केली, वायरलेसवर वर्णन दिलं: पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. बारा माणसं घेऊन पोचलो. रांग धरून पायवाट तीनदा पालथी घातली. लाउडस्पीकरवरून माझ्या हवालदाराने तिच्या नावाने असा काही पुकारा केला की झाडावरचे बगळे उडाले. मुलीचा पत्ता नाही. पलीकडे दगडाची जुनी खाण होती आणि तिच्यात दोन पुरुष पाणी. त्या पाण्याकडे कुणी बघत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात तेच होतं. मी पाणबुडे मागवले.

एवढ्यात शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनने खबर दिली. त्याने एका बकऱ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याला पिवळ्या फ्रॉकवाल्या मुलीशी बोलताना पाहिलं होतं. झालं! म्हाताऱ्याला उचलून जीपपाशी आणलं.

"साब, एक सीताफल दिया मैं बच्ची कू. बस. फिर वो उप्पर चले गई," तो म्हणाला.

"उप्पर किधर? झूट नक्को बोल!"

"मेरे कू नै मालूम साब. मेरी भी पोती है."

मी तासभर त्याला फैलावर घेतलं. आवाज चढवला, कॉलर धरली. तो रडायला लागला तेव्हा मला वाटलं, आता कबूल करतोय. पोलिसाचं डोकं असं चालतं. त्याच्या रडण्याची मला आजही लाज वाटते.

दुपारचे दोन वाजले. मुलीचे आईबाप येऊन पोचले होते. आई खाणीच्या दिशेने धावत सुटली, तिला दोघी बायकांनी धरलं. शिक्षिकाबाई एका दगडावर बसून एकच वाक्य घोकत होत्या, "माझ्या भरवशावर पाठवलं होतं हो."

आमची महिला कॉन्स्टेबल त्या मुलीच्या, सहलीतच असलेल्या मोठ्या बहिणीचा जबाब घेत होती. बहीण सात वर्षांची. मला बोलावणं आलं, "सर, ही काहीतरी वेगळंच सांगतेय."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "बोल बाळा. ताई कुठे गेली तुझी?"

"ताई मी आहे. ती छोटी आहे," तिने आधी मला सुधारलं. मग म्हणाली, "ती येणारच नाही. तुम्ही पोलीस आहात ना."

"म्हणजे?"

"जेवलं नाही की आई म्हणते, पोलिसांना बोलावते, ते पकडून नेतील. तिने आज सीताफळ खाल्लं आणि टिफिनमधली पोळी फेकून दिली, म्हणून लपली असेल. मग तुम्ही आलात. माइकवर तिचंच नाव घेत होते सगळे."

कपाळावर हात मारून घेतला मी. तीन तास आम्ही एका मुलीला शोधत नव्हतो, घाबरवून आत आत ढकलत होतो!

माणसांना खाली पाठवलं. लाउडस्पीकर बंद. जीपमध्ये साधा शर्ट असायचा, तो चढवला. त्या ताईला म्हटलं, "तू पुढे चाल, मी मागून येतो. सकाळी गेलात तसंच जायचं."

आणि मग कळलं, ती पायवाट मी पाहिलीच नव्हती. वीस मिनिटांची वाट आम्ही दीड तास चाललो. ती मुंग्यांच्या रांगेपाशी थांबली. सरड्यापाशी थांबली. चमकणारा दगड उचलून माझ्या खिशात टाकला. मी जीव मुठीत धरून होतो, पण तिला घाई केली नाही. एका जागी ती वाकली आणि खडकाखालच्या फटीत बघू लागली. उभ्या माणसाला तिथे नुसतं गवत दिसत होतं.

"पोलीस गेले गं," ती आत तोंड घालून म्हणाली.

मग आतून बारीक आवाज आला, "प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

ती रांगत बाहेर आली. गुडघे खरचटलेले, फ्रॉकवर सीताफळाचे डाग. मला बघून बहिणीच्या मागे लपली. "हे कोण?"

बहिणीने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "हे कुणाचे तरी बाबा आहेत."

आणि त्या छोटीने माझं बोट धरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. आईबापांना कळवायला, खूप मागे थांबवलेल्या कॉन्स्टेबलला खुणेने पुढे पिटाळलं आणि आम्ही तिघं तिच्या चालीने उतरलो.

म्हाताऱ्याची मी सर्वांदेखत माफी मागितली. तो म्हणाला, "बच्ची मिल गई ना साब, बस." मुलीच्या आईला बोल लावायला मला तोंड नव्हतं. आमच्या घरीही हेच चालायचं, फरक एवढाच की आमच्याकडे पोलीस म्हणजे मीच.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मुलीला म्हटलं, "येत्या रविवारी खडकांवर जाऊ या, चल." ती तेव्हा दहावीत होती; तोवर तिच्यासाठी एकही रविवार मी मोकळा ठेवला नव्हता. वहीतून मान वर करून हसली. "बाबा, रविवारी टेस्ट असते. तुम्ही जाऊन या ना." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

या केसने काय शिकवलं, असं लोक विचारतात. मुलांना पोलिसाची भीती घालू नका, हे मी भेटेल त्याला सांगतो. दुसरी गोष्ट सांगत नाही, इथे लिहितो. माझी मुलगी गुणाची आहे, परदेशात असते, रोज न चुकता फोन करते. पण मला पाच वर्षांची ती हवी आहे, आणि ती मला कधी भेटलीच नाही.