चहावालीची साक्ष

बायको वारली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं वाल सोलत होतो. माझ्या तीन बोटांतून वाल निसटला की ती हसायची. त्यावरून आम्हाला चहावाली आठवली.

त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. एका हातात पाच ग्लास अडकवून ती वसईच्या आमच्या गाळ्यात यायची. तिथेच पत्रा कापायच्या प्रेसखाली माझी दोन बोटं गेली. भरपाई टाळायला शेठ कोर्टात म्हणाला, "हा कंत्राटदाराचा माणूस, माझा नाही." माझ्याकडे कसलाच कागद नव्हता. बाई पदर खोचून साक्षीला उभी राहिली.

"साहेब, हाच शेठ रोज ओरडायचा, ह्याला मशीनवरच चहा दे, उठवू नको. मग हा माणूस कोणाचा?"

साहेबसुद्धा हसले. भरपाई मंजूर झाली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन मी चहावालीच्या टपरीवर गेलो आणि गाळ्यात कामाला लागल्यापासून आठ वर्षांत पहिल्यांदा बाकड्यावर बसून चहा प्यायलो.