पाय सुटले की दोर सोडा

न्यू जर्सीतील नौदलाच्या तळावर मी चीफ पेटी ऑफिसर म्हणून रुजू झालो, तोवर माझी सारी नोकरी पाण्यावरच्या जहाजांवर गेली होती. आदेशात लिहिले होते: ग्राउंड क्रू, एअरशिप. जन्माने मी सांगलीचा, वाढलो अमेरिकेत. हलक्या वायूने फुगवलेले, हवेत तरंगणारे जहाज तोपर्यंत फक्त चित्रात पाहिले होते.

दुसऱ्या महायुद्धात ही हवाई जहाजे मालवाहू ताफ्यांवरून पाणबुड्या शोधत फिरत. पुढे त्यांची गरज संपली. ती ठेवण्याचे प्रचंड हँगर मात्र उभे राहिले, कारण ते पाडणे बांधण्याइतकेच अवघड होते. आमच्या हँगरची दारे रुळांवरून सरकत. आत नव्या उपकरणांच्या चाचणीसाठी ठेवलेले आमचे एकच जहाज असे. पेटी ऑफिसर रीव्ह्ज आयोवाच्या शेतावरचा होता. तो म्हणे, एवढ्या गोठ्यात एकच कोंबडी ठेवली तर आमच्या गावात लोक हसतील.

जहाज उतरताना त्याच्या नाकापासून दोन दोर लोंबत. दोन तुकड्या ते पकडून जहाज स्थिर करत, मग नाक खांबाला अडकवले जाई. प्रत्येक उतरणीपूर्वी रीव्ह्ज रांगेसमोर उभा राहून विचारी, "पाय सुटले की?" सगळे उत्तर देत, "दोर सोडा." फार पूर्वी दोर न सोडणारी माणसे जहाजाबरोबर वर गेली होती आणि वरून पडली होती. भ्यालेला हात आपोआप आवळतो. म्हणून हे तोंडाने म्हणवून घेण्याची पद्धत होती. नवे खलाशी हसत. रीव्ह्ज त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेई.

तो ऑक्टोबर होता. वारा मर्यादेत होता. वैमानिक लेफ्टनंट कार्व्हर आणि त्यांचा सहवैमानिक जहाज घेऊन परत येत होते. उजव्या दोरावर मी पुढे होतो, माझ्या मागे रीव्ह्ज.

दोर हाती आले आणि हँगरला वळसा घालून वाऱ्याचा झोत आला. नाक वर उचलले गेले. जहाज दाराच्या पोलादी कडेकडे सरकू लागले. रेडिओवर कार्व्हरांचा आवाज आला, "नाक वळत नाही."

माझ्या टाचा उचलल्या गेल्या. मी ओरडलो, "लेट गो!" आणि दोर सोडला. सगळ्यांनी सोडला. एकट्या रीव्ह्जने सोडला नाही.

हवेत तोललेल्या जहाजाला एका माणसाचे वजनही पुष्कळ असते. नाक खाली आले, वळले. जहाज दाराच्या कडेला न लागता बाजूने निघून गेले. मग ते वर चढले, आता दोर सोडता येणार नाही इतके. रीव्ह्ज दोरावर होता. मी खालून त्याला हाका मारत होतो, घट्ट धर. काही क्षण त्याने धरले.

तो हँगरच्या दारासमोर काँक्रीटवर पडला. जहाज नंतर सुखरूप उतरले.

दफनविधीनंतर लेफ्टनंट कार्व्हर माझ्याजवळ आले.

"चीफ, त्याने दोर सोडायला हवा होता ना?"

"येस सर."

"सोडला असता तर मी आज इथे नसतो."

"येस सर."

पुढच्या उतरणीपूर्वी रांगेसमोर मी उभा राहिलो आणि तोच प्रश्न विचारला. उत्तर आले. त्या दिवशी कोणी हसले नाही. नियम बदलला नाही. बदलायला नकोच होता.

आता मी वेस्ट विंडसरला राहतो. गेल्या महिन्यात शेजारच्या समीरने मला त्या जुन्या तळावर ड्राइव्ह करून नेले. तो नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. हँगर पाहून म्हणाला, "काका, एवढं मोठं कशाला बांधलं यार?" मी म्हणालो, जहाजांसाठी. त्याने फोटो काढले. मी दारासमोरच्या काँक्रीटवर जाऊन टोपी काढली. त्याने फोन खिशात ठेवला.

"इथे कुणी गेलं होतं का, काका?"

"हो."

"तुमच्या ओळखीचे?"

"माझ्याच दोरावरचा."

डोनाल्ड रीव्ह्ज. पेटी ऑफिसर, आयोवा.