साडेचार किलोमीटरवरची फुकट रात्र

"सॉरी मॅडम, लोकल आयडी चालत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. वृषालीचं आधार कार्ड तिने दोन बोटांनी परत सरकवलं. मग माझंही. दोन्हींवर एकच पत्ता होता. नेरूळ.

"बुकिंग कन्फर्म आहे," वृषाली म्हणाली आणि फोन पुढे केला.

मुलीने फोन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमचा मेंबरशिप नंबर सांगता?"

"मेंबर या आहेत," मी म्हणालो. "मी सोबत आलोय."

वृषाली माझी बायको. आमच्या मागे सोफ्यावर आई बसली होती, मांडीवर निळी रेग्झिनची बॅग घेऊन. तिच्या शेजारी जुई, आमची मुलगी, वय दहा. लॉबीत एसी इतका होता की आईने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता.

हे हॉटेल आमच्या घरापासून साडेचार किलोमीटरवर आहे. तिथे पोचायला आम्हाला पाच महिने लागले.

वृषाली शीतगृहांतल्या कॉम्प्रेसरची इंजिनिअर आहे. द्राक्षं, बटाटे, औषधं, जिथे जिथे काही थंड ठेवायचं असतं तिथे मशीन बसवायला किंवा बिघडलेलं दुरुस्त करायला ती जाते. राजकोट, रायपूर, हुबळी, नाशिक. कंपनी तिला एकाच साखळीच्या हॉटेलांत उतरवते. खोलीचं भाडं कंपनी देते, पॉइंट मात्र राहणाऱ्याच्या नावावर जमतात, आणि पुरेसे साठले की त्यांवर फुकट रात्र मिळते. नऊ वर्षांत तिच्या नावावर बरेच जमले. ते कधी वापरावेत असं तिला वाटलं नाही. हॉटेलात राहणं हे तिच्यासाठी काम होतं.

मग जूनमध्ये मेल आला. ऑक्टोबरअखेर पॉइंट संपणार.

"आईंना कुठेतरी नेऊ," वृषाली म्हणाली. "त्यांनीच कमावलेत ते."

हे तिने सहज म्हटलं, पण ते खरं होतं. वृषालीने पुन्हा नोकरी धरली तेव्हा जुई अकरा महिन्यांची होती. आई साताऱ्याहून, कोरेगाव तालुक्यातून, चार महिन्यांसाठी आली. त्या चार महिन्यांची नऊ वर्षं झाली. वृषाली जितक्या रात्री बाहेर राहिली तितक्या रात्री जुई आईच्या कुशीत झोपली. एका पॉइंटमागे दोन बायका होत्या, एक इथली आणि एक तिथली.

तुमच्याकडेही असे पॉइंट साठले असतील तर पुढचा भाग नीट वाचा.

पहिला बेत गोव्याचा. अ‍ॅपवर गोव्यातली तीन हॉटेलं दिसली. तिन्हीकडे खोल्या होत्या, पैसे देणाऱ्यांसाठी. पॉइंटवाल्यांसाठी 'या तारखांना उपलब्ध नाही'. आम्ही तारीख बदलली. पुन्हा तेच. गणपती, नवरात्र, सगळे शनिवार-रविवार, आणि कारण न देता काही मंगळवार.

महाबळेश्वरला खोली होती, पण किमान दोन रात्रींची अट होती आणि आमचे पॉइंट दीड रात्रीचे होते. अर्धी रात्र विकत घेता येत नाही. उदयपूरला एक रात्र बसत होती. वृषालीने सुट्टीचा अर्ज टाकला, परत अ‍ॅपवर येऊन बटण दाबलं, तोवर लागणारे पॉइंट वाढले होते.

तिने कॉल सेंटरला फोन केला. बावीस मिनिटं होल्डवरची बासरी ऐकली.

"मॅडम, सिस्टिममध्ये दाखवत नाहीये."

"मला वेबसाइटवर दिसतंय."

"हां मॅडम, पण ते सिस्टिममध्ये नाहीये."

वृषाली कॉम्प्रेसरशी ज्या शांतपणे बोलते त्याच शांतपणे बोलत होती. मशीन बंद पडलं की ती आधी त्याला हात लावून उभी राहते. इथे हात लावण्यासारखं काही नव्हतं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्रीच्या जेवणाच्या ताटावरच, तिने पुन्हा अ‍ॅप उघडलं. सगळा नकाशा राखाडी होता. एक हिरवा ठिपका होता. तिने तो मोठा केला. महामार्ग दिसला, एमआयडीसी दिसली, शिरवण्याचा पूल दिसला.

"हे तर आपल्या इथलंच," जुई म्हणाली.

मला हसू आलं. वृषालीला नाही आलं. "मग काय झालं?" ती म्हणाली. "फ्री नाइट आहे. खोली आहे. महिन्याचा शेवटचा शनिवार आहे. जाऊ." तिने बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात झालं.

आईला सांगितलं तेव्हा ती भांडी लावत होती.

"हितं? हाटेलात? आन् झोपायला घरी यायचं का?"

"नाही आई, झोपायचं तिथेच."

"घर असताना?"

"घर आहे म्हणूनच," वृषाली म्हणाली. "नसतं तर कशाला गेलो असतो?"

आईने थोडा विचार केला. मग पलंगाखालची निळी बॅग ओढली. नऊ वर्षांपूर्वी ती हीच बॅग घेऊन आली होती. तिच्यात कायम दोन लुगडी आणि एक शाल घडी घालून असते. कधी निघायचं झालं तर वेळ नको, असं ती म्हणते. आधार कार्डावर तिचा पत्ता अजून गावचाच आहे. तो बदलायला मी चार वेळा आधार केंद्रावर अपॉइंटमेंट घेतली. चारही वेळा काहीतरी निघालं. एकदा गुडघा, एकदा चतुर्थी, दोनदा नुसतंच "आज नगं". पाचवी वेळ मी येत्या सोमवारची घेतली होती. ती हो म्हणाली नव्हती.

"म्या हितं तुमच्यापायी आले," ती म्हणायची. "ऱ्हायला न्हाय आले."

शनिवारी दोनला आम्ही निघालो. चौघं आणि तीन बॅगा, एका रिक्षात. रिक्षावाल्याने बॅगा बघितल्या. "एअरपोर्ट ना?"

"नाही. महामार्गापलीकडे, एमआयडीसीच्या बाजूला." मी हॉटेलचं नाव सांगितलं.

"कोणाचं लग्न हाय का?"

"फिरायला," आई म्हणाली.

त्याने मीटर टाकलं. एलपीच्या पुलाखालच्या सिग्नलला दहा मिनिटं गेली, बाकी रस्ता मोकळा. ऐंशी रुपये झाले. एवढ्या कमी खर्चात मी आजवर कुठल्याच सहलीला पोचलो नव्हतो.

आणि आता काउंटरवर लोकल आयडी चालत नव्हती.

ड्यूटी मॅनेजर आला. टाय, बारीक मिशी, समजुतीचा आवाज. "मॅम, आय अंडरस्टँड. पण मालकांची पॉलिसी आहे. याच शहरातला पत्ता असेल तर रूम देत नाही. गैरप्रकार होतात ना."

"आमच्याबरोबर सासूबाई आहेत," वृषाली म्हणाली. "दहा वर्षांची मुलगी आहे. कुठला गैरप्रकार करणार आम्ही?"

"मॅम, मला दिसतंय. सिस्टिमला दिसत नाही."

"रद्द करा मग. पॉइंटचं काय?"

"ते अकाउंटला परत येतील."

"उद्या रात्री ते संपतायत."

वृषालीने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. या नऊ वर्षांत तिला असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं, कारण ती जिथे उभी राहते तिथे मी नसतो. रायपूरला सकाळी सहाला, बंद गोदामाच्या दारात, मालक 'इंजिनिअर कुठाय' म्हणून तिच्यामागे बघत असताना ती अशीच उभी राहत असणार. "पॉलिसी वाचून दाखवा," ती म्हणाली. "तोंडी नको."

मॅनेजरने स्क्रीन बघितली. काउंटरवरची मुलगी त्याच्या आधी वाचून मोकळी झाली होती. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती, प्रणाली. "सर," ती हळूच म्हणाली, "मेन गेस्टचा पत्ता बाहेरचा पायजे, एवढंच हाय. बाकी फॅमिली चालते. मेंबर फक्त हजर पायजे."

तेवढ्यात आई सोफ्यावरून उठून आली होती. "काय झालं गं बाई?"

"आजी, तुमचं कार्ड हाय का? त्याच्यावर पत्ता कुठचा?"

आईने बॅगेची चेन उघडली. शालीच्या घडीतून कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं. मुक्काम पोस्ट, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा.

मी ज्या कार्डासाठी चार वेळा सुट्टी टाकली होती ते हेच. मॅनेजरने ते उचललं, उलटंपालटं केलं. त्याच्या चेहऱ्यावरही सुटका दिसली. "मग काही प्रॉब्लेम नाही. वेलकम, मॅम." हे तो आईला म्हणाला.

प्रणालीने फॉर्म भरायला घेतला. "आजी, कुठून आलात?"

"नेरुळास्नं."

"आजी, गावाचं सांगा."

"मग तसं इचार की."

"येन्याचं कारन?"

"सुनंनं कमावलंय, ते बघाया आले. लिव्ह."

प्रणाली हसली. तिने काहीतरी टाइप केलं. कागदावर 'पर्यटन' छापून आलं. सही आईने केली. वृषाली बाजूला उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की एसीचं वारं लागलं होतं, मी विचारलं नाही.

लिफ्टपर्यंत प्रणाली स्वतः आली. आईने तिला विचारलं, तू कुठली? "मी उरनची, आजी." रोज उरणहून ये-जा करते, असं तिने सांगितलं. "मला पन तिकडं कोन रूम देनार नाय, पत्ता तिथलाच हाय," ती म्हणाली आणि लिफ्टचं दार मिटलं.

खोली आठव्या मजल्यावर. दोन मोठे पलंग, त्यामुळे जादा गादीचे पंधराशे वाचले. बाथरूममध्ये आईने गरम पाण्याचा नळ स्वतः शोधला. खिडकी पश्चिमेकडे होती. खाली महामार्ग, मग रूळ, मग नेरूळच्या इमारती, सगळ्या एका उंचीच्या, आणि त्यांच्यामागे खाडीची पांढरी रेघ.

आई काचेला नाक लावून उभी राहिली. "ते शाळेचं हिरवं छप्पर. त्याच्या डाव्या अंगाला आपलं घर."

"एवढ्या लांबून नाही दिसत, आई."

"माझी चादर वाळतीया. मला दिसती."

नऊ वर्षं ती 'तुमचं घर' म्हणत आली होती. मी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

जेवण महाग आहे, हे आधीच सांगतो. चौघांचं साडेतीन हजार झालं. डाळ चांगली होती. भेंडी बघून आई म्हणाली, "ही भेंडी न्हाय, भेंडीची आठवण हाय." वेटर साताऱ्याचाच निघाला. त्याने तिला दुसरी भाजी आणून दिली आणि बिलात धरली नाही.

साडेआठला आम्ही खोलीत परत आलो. वृषाली खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, चपला काढल्या, फोन उचलला. मला लगेच कळलं. बाहेरगावी असली की ती बरोबर या वेळेला घरी फोन लावते. आई उचलते.

"मम्मी, आम्ही इथेच आहोत," जुई म्हणाली.

वृषाली थांबली, हसली. मग तिने खरंच फोन लावला. पलंगावर बसलेल्या आईच्या बॅगेत रिंग वाजली. आईने फोन काढला, लांब धरून नाव वाचलं, कानाला लावला.

"बोल."

"जेवलात का आई?"

"जेवलो. तू?"

"जेवले. भेंडी बरी नव्हती." वृषाली खिडकीकडे तोंड करून बोलत होती. "जुई काय करतेय?"

"हाय की. गादीवर उड्या मारतीया."

"रडली नाही ना?"

हा प्रश्न ती जुई लहान असताना रोज विचारायची. आई दर वेळी एकच उत्तर द्यायची, न्हाय रडली, झोपली. आता आईने उड्या मारणाऱ्या जुईकडे पाहिलं.

"पयल्या वरसाला रडायची," ती फोनवर म्हणाली. "दारापाशी जाऊन बसायची. तुला सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर तू माघारी आली असतीस."

वृषालीने खुर्ची वळवली. दोघींच्या मध्ये सहा पावलं होती आणि दोघींच्या कानाला फोन होते.

"आले असते," वृषाली म्हणाली.

"म्हणून तर."

जुईच्या उड्या थांबल्या होत्या. "मी रडायचे?" तिने विचारलं. "आन् मग काय," आई फोन बाजूला ठेवत म्हणाली, "माझा पदर वला करून ठेवायचीस." जुई जाऊन तिच्या मांडीवर बसली. आता ती मांडीत मावत नाही. तरी बसली.

रविवारी सकाळचा नाश्ता वृषालीच्या मेंबरशिपवर दोघांना फुकट होता. "दोघं कोण?" मॅनेजरने विचारलं. "मेन गेस्ट आणि मेंबर," मी म्हणालो. जुईचे आणि माझे पैसे मी भरले, माणशी सातशे. उपमा खाण्यासारखा होता. बाराला आम्ही निघालो. परतीचे पंच्याऐंशी झाले. घरी पोचलो तेव्हा चादर वाळून कडक झाली होती.

संध्याकाळी अ‍ॅपने विचारलं, तुमची नवी मुंबईची भेट कशी वाटली? वृषालीने पाच तारे दिले. खाली जागा होती तिथे तिने प्रणालीचं नाव लिहिलं.

तुम्हाला सांगण्यासारखं एवढंच. पॉइंट साठवू नका, लवकर वापरा. कॉल सेंटरला नव्हे, थेट हॉटेलला फोन करा. स्वतःच्या शहरात राहणार असाल तर पत्त्याचं आधी विचारा. आमच्यासारखा योग प्रत्येकाच्या बॅगेत नसतो. आम्ही गोवा पाहिला नाही. मी माझ्या बायकोला तिच्या कामाच्या जागी, म्हणजे हॉटेलच्या काउंटरवर, उभी राहिलेली पाहिली. ते पाहायला मला नऊ वर्षं उशीर झाला. आणि आईने सही केलेला कागद मी मागून घेतला. तो फ्रिजवर लावलाय.

सोमवारी सकाळी आई साडेनऊलाच तयार होऊन दारात उभी होती. हातात आधार कार्ड.

"आई, राहू द्या ना तसंच," वृषाली बूट चढवता चढवता म्हणाली. "पुढच्या वेळी परत लागेल."

"पुढल्या बारीला लांब जाऊ," आई म्हणाली. "हितं कशाला?"

साडेदहाला केंद्रावर तिने नेरूळचा पत्ता दिला. येताना भेंडी घेतली.