देवीपुढची घुंगरमाळ

आमच्या तांड्यातले लोक माझ्या कुत्र्याला, भुऱ्याला, भक्त म्हणू लागले, तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. दिवस मावळला की शेतातून माझ्या मागे येता येता तो देवीच्या ओट्यापाशी थबकायचा. एक पाय उचललेला, मान खाली, कान ताठ. मी हाक मारल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचा नाही. बायका म्हणाल्या, जनावराला कळतं ते माणसाला कळत नाही. कुणीतरी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. माझे काका एरवी कुत्र्याला दारात उभं करत नसत, त्यांनीही त्याला बोलावून भाकरी घातली. मलाही आतून बरं वाटायचं, कारण आमच्या घरातून देवीपाशी रोज थांबणारा तेवढा एकच होता. वडील गेल्यापासून मी ओट्यावरून सरळ पुढे जायचो. त्यांच्या दुखण्यात तिच्याकडे इतकं मागितलं होतं आणि पदरात काहीच पडलं नव्हतं. आता पुन्हा तोंड वेंगाडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

खरी गोष्ट कळायला कापूस वेचून व्हावा लागला. नवं महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. अंगणातली बाज मी उन्हासाठी बाजूला सरकवली आणि भुऱ्या भर दुपारी तिच्यावर जाऊन आदळला. मला आधी हसू आलं. मग मी त्याच्या तोंडापुढे भाकरीचा तुकडा अलगद फिरवला. नाक हललं, डोळे हलले नाहीत. ओट्याजवळ चिंचेची दाट सावली असते आणि वाट तिथेच वळते. पोर भक्ती करत नव्हतं. पुढचं दिसत नव्हतं म्हणून थांबत होतं, आणि आम्ही सगळे डोळस त्याला कुंकू लावत होतो.

बैलबंडीत घालून त्याला यवतमाळला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं असेल ना?" मी हो म्हणालो. "आतला पडदा विझत गेलाय. याला औषध नाही. घरातल्या वस्तू जागच्या हलवू नका, आणि हाक मारल्याशिवाय कुणी जवळ जाऊ नका." परतीच्या वाटेवर भुऱ्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं होतं आणि मला रडू आवरत नव्हतं. एवढ्याशा वयात त्याने अजून धड ससासुद्धा पळवला नव्हता.

घरी आल्यावर तो बाजेखाली शिरला तो बाहेर येईना. दोरी बांधून ओढलं तर पोटावर बसायचा. भाकरी तोंडाशी नेली तरच खायचा. अशातच एकदा काका हाक न मारता बाजेजवळून गेले आणि घाबरून भुऱ्याने त्यांची पोटरी धरली. काकांनी जखमेवर हळद दाबली आणि हसले. "आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते म्हणतेत. आपल्या घरी कुत्रंच आंधळं, आता पीठ कोन खाईन?" मग त्यांचा चेहरा बदलला. "आज मी होतो, उद्या लेकरू असन. होळी झाली का मी याले जंगलात सोडून येतो."

वडिलांच्या मागे घरात काकांचा शब्द शेवटचा होता. ते दुष्ट नव्हते, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच मला जास्त लागलं. जंगलात बिबट्या होता. आंधळ्या कुत्र्याला तिथे सोडायचं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्या संध्याकाळी मी ओट्यापुढे थांबलो. देवीला म्हणालो, माझ्यासाठी काही नको, याचे डोळे दे, होळीच्या आत दे. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. मी दोन मागितले होते. रोज सकाळी भुऱ्याच्या तोंडापुढे हात हलवून पाहायचो आणि रोज तो हात तसाच खाली घ्यायचो.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. सगळ्यात पुढच्या बैलाच्या गळ्यात पितळी घुंगरमाळ असायची आणि तिच्या आवाजामागे बाकीचे बैल चालायचे. तो धंदा संपला, जमीन आली, तेव्हा आजोबांनी ती माळ घरातल्या देवीपुढे ठेवली आणि शब्द दिला की आता हा आवाज तुझा, या घरचा बैल पुन्हा घुंगरू घालणार नाही. तेव्हापासून पोळ्यालासुद्धा आमचे बैल मुके. आमची बंडी गुपचूप येते म्हणून शेजारच्या लोहाऱ्याचे लोक तिला चोराची बंडी म्हणत. आम्हाला त्याचा अभिमानच वाटायचा.

होळी जवळ आली होती. एका सकाळी कुणी म्हातारा बाभुळगावच्या बाजाराला जनावरं घेऊन चालला होता आणि पाणी पाजायला आमच्या विहिरीवर थांबला. मी गोठ्यात होतो. बाहेर येऊन पाहतो तर बाजेखाली भुऱ्या नाही. मी आधी विहिरीत डोकावलो. एक बाई म्हणाली, तो तर जनावरांमागे गेला. मी तसाच अनवाणी धावत सुटलो. खुरांखाली सापडला असेल, ही एकच भीती मनात होती.

नाल्यापाशी तो मला दिसला. पुढच्या बैलाच्या अगदी कडेने, शेपूट वर करून, गोट्यांमधून पाण्यात उतरून तो पलीकडे चढत होता. बैलाच्या गळ्यात घंटी वाजत होती.

"तुमचा हाय का भाऊ?" म्हाताऱ्याने विचारलं. "मले वाटलं, उगाच मांगं लागलं कोनाचं."

"आंधळा हाय तो," मी धापा टाकत म्हणालो.

"आंधळा? अन् मंग हा नाला कसा उतरला?" त्याने बैल थांबवला. घंटी थांबली आणि भुऱ्याही थांबला. एक पाय उचललेला, मान खाली, कान ताठ. म्हाताऱ्याने बैल हाकला आणि तो चालू लागला. म्हातारा खुदकन हसला. "याले घंटी पायजे, भाऊ. बांधा ना एक तुमच्या बैलाले."

"आमच्या घरी बांधत नाहीत."

"तांड्यातल्या मानसाच्या घरी घंटी नाही? कमालच हाय!" असं म्हणून तो गेला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. पुढे बाजारात मी त्याला पुष्कळ शोधलं, पण तो पुन्हा कधी दिसला नाही.

भुऱ्याला खांद्यावर घालून घरी आणलं. माझी याडी, म्हणजे आई, ज्वारी पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"तू देवीले काय मागतलं होतं?"

"डोळे."

"तिच्यापाशी जे हाय तेच देईन ना ते," याडी म्हणाली आणि तिने देवीपुढच्या माळेकडे पाहिलं.

माळ बैलाला बांधायला काका तयार होईनात. "बाचा शब्द हाय तो. कुत्र्यापायी मोडाव काय?" याडी एवढंच म्हणाली, "आपुन कायले भांडाव? तिलेच इचारू."

आमच्यात देवीला विचारायची एक पद्धत आहे. निखाऱ्यांवर तूप-गुळाचा भोग ठेवायचा, फुंकर घालायची नाही, वारा घालायचा नाही. आपोआप ज्योत उठली तर देवीने ऐकलं. याडीने अरदास म्हटली, म्हणजे देवीला विनवणी केली. भोग ठेवला. नुसता धूर निघत राहिला. भुऱ्या माझ्या पायाशी. मी डोळे मागायला तोंड उघडलं आणि तोंडातून दुसरंच आलं. याडे, तुझं तू बघ, असं देवीलाच म्हणालो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. तेवढ्यात निखाऱ्यातून ज्योत उभी राहिली. झुळूक आली होती की तूप आपसूक पेटलं, ते मी सांगू शकणार नाही. काकांनी जमिनीला डोकं टेकलं, उठून माळ उचलली आणि स्वतःच्या हाताने आमच्या हरण्या बैलाच्या गळ्यात बांधली.

दुसऱ्या दिवशी हरण्या शेताला निघाला आणि बाजेखालून भुऱ्या निघाला. चोराची बंडी वाजत येतेय म्हणून लोक दारात आले. तांड्यातली लेकरं भुऱ्याजवळ यायच्या आधी आपलं नाव ओरडायला शिकली. डोळे त्याचे कधीच आले नाहीत.

होळी पेटली, लेंगीची गाणी गाऊन झाली, आणि दुसऱ्या सकाळी काका कुऱ्हाड घेऊन जंगलाकडे निघाले. मी बाजेकडे धावलो. ते बाजेपासून लांबच थांबले, मोठ्याने खाकरले. "भुऱ्या, मी हाव रे, काका." मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एकटेच लाकडं आणायला गेले.

संध्याकाळी परत येताना ओट्यापाशी मी हरण्याला थांबवतो. माळ गप्प होते. भुऱ्या एक पाय उचलून उभा राहतो. नवखं कुणी पाहिलं तर म्हणतं, कुत्रा मोठा भक्त दिसतो. मी आता त्यांना खरं काय ते सांगत बसत नाही. त्याच्या शेजारी उभा राहतो, काही मागत नाही, आणि घुंगरं पुन्हा वाजेपर्यंत आम्ही दोघंही थांबतो.