भूकंप कुणामुळं झाला

माझा भाऊ भूकंपावर फार छान बोलतो. कागलच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहे. घरी पाहुणे जमले आणि कोयनेच्या भूकंपाचा विषय निघाला, की गडी खुर्ची पुढं ओढतो. धरणातल्या पाण्याचा भार, खालच्या खडकातल्या भेगा, दगडमातीच्या भिंती, कोण चुकलं, कुणी आधी सांगायला हवं होतं... एकेकाच्या डोक्यावर खापर फोडत जातो. चहा गार होतो, पण ऐकणारे हलत नाहीत. परवापरवापर्यंत मलाही त्याचं कौतुक होतं. आता त्याचा आवाज ऐकला तरी शिसारी येते.

आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात. आई लग्न होऊन त्या घरात आली आणि नवव्या दिवशी पहाटे तो मोठा भूकंप झाला. माजघराची भिंत पडली आणि वडिलांची धाकटी बहीण त्याखाली गेली. शेजारच्या घरांतही माणसं गेली होती. तिथं काही नवी सून आलेली नव्हती. पण आमच्या आजीनं बाराव्याच्या आधीच निकाल लावून टाकला. पांढऱ्या पायाची आली आणि माझी पोरगी खाल्ली! आई तेव्हा सोळा वर्षांची. पुढं घर कोल्हापूरला आलं, मी जन्मले, भाऊ जन्मला, पण ते वाक्य काही गावाकडं राहिलं नाही. दूध नासलं, आईचे पाय. म्हैस गाभडली, आईचे पाय. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं ते तरी किती वर्षं? वडील अशा वेळी पेपरात तोंड घालून बसायचे. अजूनही बसतात. आजी गेली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. आई सुटली एकदाची, असं वाटलं.

गेल्या महिन्यात भावाच्या मुलाचं लग्न झालं. मुलगी चंदगडची. नवरानवरीची गाडी भावाच्या फुलेवाडीच्या घरी यायच्या आधी आम्ही बायका पुढं येऊन तयारीला लागलो होतो. दारात नव्या सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, तिच्या पायावर पाणी घालायचं. आमच्यात हा मान घरातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे आईचा. दोन दिवस आधीपासून ती मला विचारत होती, "ववाळायला मीच न्हवं?" मी म्हटलं, "मग काय शेजारीण?" त्या दिवशी नवंकोरं लुगडं नेसून, ताटलीत भाकरीचा तुकडा आणि हातात पाण्याचा तांब्या घेऊन ती दारात उभी राहिली. इतकी खुशीत मी तिला माझ्या लग्नातसुद्धा बघितली नव्हती.

गाडी आली. भाऊ पहिला उतरला, तरातरा दारापाशी आला आणि आईच्या हातातला तांब्या काढून घेत म्हणाला, "आई, तू जरा आतल्या खोलीत बस. सून घरात आली की मग ये."

मला आधी कळेचना. मग तो माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून म्हणाला, "मी असलं काय मानत न्हाई गं ताई. पण उगं रिस्क कशाला घ्या?"

रिस्क! हे घर बांधताना कॉलमवर थाप मारून हाच मला म्हणाला होता, कोयनेचा बाप आला तरी हलायचं न्हाई. आणि ते घर चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या पायांना भ्यालं! आजी अडाणी होती, पण तिची लेक गेली होती. तिचं दुःख तरी खरं होतं. ह्याचं काय गेलं होतं? आणि वर मानत नाही म्हणे. अरे, त्यापेक्षा मानणारा परवडला!

"लाज वाटती का रे?" मी ओरडले.

"ताई, पावणं बघाय लागल्यात."

"बघू देत की!"

मी त्याच्या हातातून तांब्या हिसकून घेतला, आईचा हात धरला आणि तिला पुढं ओढलं. तिनं हात सोडवून घेतला. "नको गं. जातो मी आत. त्या पोरीवर कायतरी यायचं."

ती गेली. दारात वहिनीनं ओवाळलं, फोटो निघाले. मी आईच्या मागं आतल्या खोलीत गेले. ती पलंगावर बसली होती, दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतलेले. मला वाटलं, रुसली असेल.

"न्हाई, रुसू कशाला?" ती म्हणाली. "खरंच हाय ते. माझ्याच पायानं गेली ती पोर. लई जीव हुता तिचा माझ्यावर. रोज माझी येणी घालायची."

इतकी वर्षं मी धरून चालले होते, की आई हे नुसतं ऐकून घेते, एका कानानं ऐकते आणि दुसऱ्या कानानं सोडून देते. तिनं ते खरं मानलं असेल, हे कधी माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मी तिच्याशेजारी बसले. एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून दाखवलं. जमिनीखाली खडक असतात, ते एकमेकांना रेटत असतात, ताण साठत जातो आणि एक दिवस खडक तुटून सरकतो. मग वरची जमीन हलते. "तू त्या घरात आली नसतीस, तरी ती भिंत पडलीच असती, आई."

ती माझ्या हातांकडं बघत राहिली. "व्हय?"

"व्हय."

"हे तुला कवापास्नं ठावं हाय?"

"शाळेत असल्यापासून. आणि आता तीस वर्षं झाली, दरवर्षी वर्गात पोरींना हेच शिकवते की."

बाहेर सुनेला नाव घ्यायचा आग्रह चालला होता. आईनं माझे दोन्ही हात धरून खाली ठेवले.

"लोकांच्या पोरींना सांगत बसलीस," ती म्हणाली. "मग मला का न्हाई सांगितलंस?"