ड्वेन केम्परची एका तासाची फेरी

ड्वेन केम्पर जमिनीवर आला त्याला दीड वर्ष झालं होतं, पण त्याच्या अंगातली नदी काही उतरली नव्हती. बोटीवर सहा तास काम आणि सहा तास झोप असा नेम असतो. तो नेम माणसाबरोबर घरी आला. भर दुपारी ड्वेन पडदे ओढून घोरायचा आणि लोकांच्या जेवणाच्या वेळी अंडी तळायला घ्यायचा. उरलेल्या वेळात घरभर येरझाऱ्या. बायकोच्या, अर्लीनच्या, मसाल्याच्या बाटल्या त्याने उंचीप्रमाणे लावून ठेवल्या, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जा, अंगणातलं गवत काप." ते त्याने सकाळीच कापलं होतं.

पूर्वी महिनाभर बोटीवर, महिनाभर घरी, असं त्यांचं लग्न होतं. तीस वर्षं ड्वेनने धान्याने भरलेले पंधरा-पंधरा सपाट पडाव एकत्र बांधून आपल्या बोटीने मिसिसिपी नदीवरून दक्षिणेला ढकलत नेले. मग अर्लीनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तिने काही मागितलं नव्हतं. यानेच आपण होऊन बोट सोडली, आणि सोडली म्हणून गावभर सांगितलंही. त्यागाची अशी जाहिरात झाली की मागे फिरायला तोंड उरत नाही.

आता तो सहलीची बोट चालवायचा. आमच्या गावात दुसरं काय मिळणार? एक जगप्रसिद्ध लेखक इथे लहानाचा मोठा झाला आणि त्याच्या जिवावर न्हाव्यापासून गादीवाल्यापर्यंत सगळे जगतात. जिथे तिथे पाट्यांवर त्याच्या मिशा. गावकरी त्याला नुसतं 'मिशीवाले' म्हणतात, घरातल्या थोरल्या काकाबद्दल बोलावं तसं. प्रवासी भरायचे, बेटापर्यंत वर जायचं, कड्यापर्यंत खाली यायचं, वळून धक्क्याला लागायचं. तासाभरात खेळ खलास. वर माइकवर बोलायचं. "मिशीवाल्यांनीही याच नदीवर बोट चालवली, मंडळी! त्यांनी नदी सोडली आणि पुस्तकं लिहिली. मी नदी सोडली आणि तुम्हाला भेटलो!" लोक हसायचे. प्रत्येक फेरीला तोच विनोद करताना ड्वेनला स्वतःची कीव यायची.

त्या सोमवारी जुन्या कंपनीचा फोन आला. बोटी चालवणारे पायलट कमी पडतायत, येतोस का, शुक्रवारपर्यंत सांग. तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. जायचं तर होतंच, अगदी अंगावरच्या कपड्यांनिशी. पण अर्लीनला कोणत्या तोंडाने सांगणार? सोबतीसाठी घरी आलेला नवरा सोबतीलाच कंटाळला, असं? रोज जेवताना शब्द ओठांवर यायचे आणि तो ते घासाबरोबर गिळायचा.

गुरुवारी दुपारच्या फेरीला अर्लीनच तिकीट काढून बोटीवर चढली. बरोबर डोरिस आणि पत्ते खेळायच्या बाकीच्या मैत्रिणी. दीड वर्षात ती या बोटीकडे फिरकली नव्हती. माइकवर मिशीवाल्यांचं बालपण ड्वेन दोनदा सांगून गेला. सुकाणूशी उभा राहून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता, 'हे बघ, अर्लीन...', मोडत होता, पुन्हा जुळवत होता.

एवढ्यात धापा टाकत अर्लीन जिना चढून दारात आली.

"ड्वेन, कडा मागे पडला की रे."

त्याने मान वळवली. खरंच पडला होता. बोट सरळ दक्षिणेला निघाली होती, खाली प्रवासी आइस्क्रीम खात होते आणि कुणाला पत्ताही नव्हता. उभ्या आयुष्यात नदीवर अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती.

"कुठे नेतोयस आम्हाला, मेम्फिसला? डोरिसला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"अर्लीन, कंपनीचा फोन आला होता."

"माहितीये."

"कसं काय?"

"मीच करायला लावला. ऑफिसातल्या बाईला म्हटलं, बाई गं, आमचा माणूस तेवढा परत घे."

ड्वेनला हवं ते मिळालं होतं, आणि तरी कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं वाटलं.

"इतका नकोसा झालो?"

"झालास. मिरपूड शोधताना जीव जातो माझा." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "तू बोटीवर असायचास ना, तेव्हा मला तुझी आठवण यायची. इतकी, की तुझा जुना कोट घालून मी कचरा टाकायला जायचे. आता रोज समोर असतोस, ड्वेन. दीड वर्षात एकदाही आठवण आली नाही."

तिच्यासाठी म्हणून ड्वेन घरात कोंडून घेऊन बसला होता आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून ती ते सोसत होती. त्याने डोळे पुसले आणि सुकाणू फिरवलं.

प्रवाहाविरुद्ध परतायला वेळ लागतो. अर्लीन खाली गेली नाही, त्याच्या शेजारीच उभी राहिली, आणि जमिनीवर आल्यापासून पहिल्यांदाच ड्वेनला कुठेही जायची घाई नव्हती.