बॅटऱ्यांना पाजलेले पाणी

तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलेत, "आजी, फ्रीजला दोन-दोन डबे कशाला जोडलेत?" त्याचे उत्तर सवडीने लिहिते आहे, कारण ते फोनवर सांगण्यासारखे नाही.

शहराबाहेर हर्सूलच्या पुढे शेते मोडून प्लॉट पडले, तेव्हा आम्ही तिथे घर बांधले. विजेचे खांब उभे होते, पण त्यांवर तारा नव्हत्या. शहर आपल्यापर्यंत येईल म्हणून आम्ही आधी जाऊन बसलो आणि शहर वाटेत थांबले. म्हणून छतावर सोलर आणि जिन्याखालच्या खोलीत चार मोठ्या बॅटऱ्या. तुमच्या आजोबांना दिवसातून दोनदा इन्सुलिन लागे. त्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवाव्या लागत. बाकी फ्रीज रिकामा असता तरी चालला असता.

दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. हर्सूलच्या तलावाचा तळ भेगाळला होता. टँकर दहा-बारा दिवसांनी येई, आणि ते पाणी भांड्यात वाळले की पांढरा थर धरे.

उन्हाळ्यात भर दुपारी घर बदलू लागले. बारा वाजून गेले की पंखा कुणी हात न लावता वेग घेई. दिवाणखान्यातला दिवा मी वीज कशी आहे ते कळावे म्हणून दिवसाही लावून ठेवी. तो पांढराफटक होई आणि मग एकदम मलूल. फ्रीज घसा खाकरावा तसा आवाज करून थांबे. सकाळी ट्रेमधल्या बर्फाचे चौकोन एकमेकांत मिसळून एकच लादी झालेली असे, जणू कुणी तो वितळवून पुन्हा गोठवला होता. आणि जिन्याखालून पाण्याचा आवाज येई. बुडबुड, बुडबुड. सगळ्या वस्तीत पाण्याचा थेंब नसताना आमच्या जिन्याखाली पाणी उकळत असे. दार उघडले की सडक्या अंड्यांचा वास येई.

शेजारच्या प्लॉटवर राखणदाराचे कुटुंब राहत असे. त्याची बायको एका दुपारी आमच्या दारात उभी राहून कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, हितं शेताची विहीर व्हती. तुमच्या घराखाली बुजवली. ती पाणी मागती."

मी तिला हसले नाही. मी आयुष्यभर इंग्रजीतून विज्ञान शिकवले, तरी त्या दुपारी मला हसू आले नाही. कारण बॅटऱ्या खरेच पाणी मागत होत्या. पूर्वी दीड-दोन महिन्यांनी त्यांची पातळी उतरे, आता आठ दिवसांत उतरू लागली. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन संपला होता आणि शहरात जायला जमले नव्हते. तेव्हा मी घरातले सर्वांत चांगले पाणी त्यांना दिले. उकळलेले, निववलेले, मलमलीतून दोनदा गाळलेले. त्या दिवसांत आलेल्या पाहुण्याला आम्ही जे देत होतो, तेच. मी ओतत गेले आणि त्या अधिक जोराने उकळत गेल्या.

मग तुमच्या आजोबांची साखर चढू लागली. जेवण तेच, इन्सुलिनचे माप तेच, सुई मीच टोचत होते. रोज यंत्रावर आकडा वाढलेला दिसे. ते दिवसभर पेंगत, तोंड कोरडे पडे, माझ्याकडे पाहत पण ओळखल्यासारखे वाटत नसे. मी बाटली खिडकीशी धरून पाहिली. औषध स्वच्छ होते. बिघडलेले इन्सुलिन दिसायला चांगल्यासारखेच असू शकते, हे मला ठाऊक होते; पण फ्रीज मधूनमधून थांबला तरी सकाळी बर्फ धरलेला असताना ते बिघडेल कसे, हे कळेना.

दुसऱ्या दिवशी मी बोलावलेला करमाडचा मेकॅनिक आला. त्याने बॅटरीचे झाकण उघडले आणि आत टॉर्च मारला.

"मावशी, पाणी कंचं टाकलं ह्यात?"

"उकळून, गाळून घेतलेले. प्यायचेच."

"ब्याटरीला कावीळ झाली व्हती का, उकळून पाजायला?"

तो हसला, माझ्याकडे पाहून थांबला. मग नीट समजावून सांगितले. उकळल्याने क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. त्यांनी बॅटरीतले शिशाचे पत्रे खाल्ले. मेलेल्या बॅटरीत वीज साठत नाही, ती आतले पाणी बुडबुडवून उडवते, आणि ऊन चढले की व्होल्टेज चढते आणि फ्रीजची मोटर सुरू व्हायला गेली की धाडकन पडते. आमचा स्वस्तातला इन्व्हर्टर तो चढउतार जसाच्या तसा घरात सोडत होता. मोटर घुमायची, पण सुरूच व्हायची नाही. डिस्टिल्ड म्हणजे वाफेचे पाणी, ही व्याख्या मी कितीदा फळ्यावर लिहिली असेन. हातात पातेले असताना ती आठवली नाही.

"फ्रीजचा स्टॅबिलायझर कुठंय?"

तो मी तिथे राहायला आल्यावर स्वतः काढून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. झटके खांबावरच्या लाईनला असतात, सोलरला नाहीत, अशी माझी समजूत.

त्याने तो डबा उतरवून जोडला. त्याच्या पुढे आणखी एक, कटऑफचा डबा बसवला. व्होल्टेज जास्त झाले किंवा पडले की तो फ्रीजची वीज तोडतो आणि ठीक झाल्यावरही तीन मिनिटे थांबून मगच जोडतो. लगेच टक् झाले आणि लाल दिवा लागला. फ्रीज गप्प झाला. फ्रीज आता वाचला होता. आतल्या इन्सुलिनच्या बाटल्या मात्र रोजच्या उबेने गेल्या होत्या.

मी त्याला डॉक्टरांची औषधाची चिठ्ठी दिली. तो मोटारसायकलवर शहरात गेला आणि दोन तासांत थर्मासमध्ये बर्फ घालून नवी बाटली घेऊन आला. सुई देऊन मी पलंगाशी बसले. सगळी बटणे बंद केली होती. पंखा नाही, दिवा नाही, जिन्याखाली आवाज नाही. इतके शांत घर मी कधी ऐकले नव्हते, आणि त्या शांततेत मला त्यांचा श्वास नीट ऐकू येईना, म्हणून मी छातीवर हात ठेवून बसले.

दोन तासांनी साखर पाहायला त्यांच्या बोटाला सुई टोचली. तेव्हा त्यांनी हात मागे ओढला आणि कपाळाला आठी घातली. चार दिवसांत प्रथमच त्यांना टोचलेले जाणवले होते. आकडा मी नंतर पाहिला. तो उतरला होता.